'डे' म्हणजे 'दिन' नव्हे

इंग्रजीचा कोशकार सॅम्युअल जॉन्सन १३ डिसेंबर १७८४ रोजी लंडनमध्ये वारला. त्याला चौदा महिनेही उलटले नव्हते, तेव्हा २ फेब्रुवारी १७८६ रोजी विल्यम जोन्सने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे आपलं ते प्रसिद्ध भाषण केलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं असणं शक्य नाही, तिघींचं मूळ एकच असावं आणि ती मूळ भाषा कदाचित आज उरलेलीही नसेल, असं त्याने त्यात मांडलं. गॉथिक, म्हणजे इंग्रजी ज्या घराण्यातली ते घराणंही, त्याच गोतावळ्यात बसवायला हवं असं त्याने सुचवलं. हा जोन्स जॉन्सनच्या बैठकीतला माणूस. लंडनच्या त्या साहित्यिक मंडळाचा १७७३ पासूनचा सभासद. पुढे १७८९ मध्ये कालिदासाचं 'शाकुंतल' इंग्रजीत आणलं तेही त्यानेच. जॉन्सनला आणखी दोन वर्षं मिळाली असती आणि ते भाषण त्याच्या हाती पडलं असतं, तर आपल्या कोशाकडे त्याने कसं पाहिलं असतं, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

मी रामटेकला इंग्रजी शिकवते. माझ्याकडे येणारी बरीचशी मुलंमुली संस्कृतची आहेत. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आमचा गड, हे वा. वि. मिराशींनी साधार मांडलं आणि १९९७ साली इथे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ आलं. तेव्हापासून गावात संस्कृत शिकणाऱ्यांचा राबता आहे. कोणी देवलापारचं, कोणी पारशिवनीचं, कोणी तुमसरकडचं. अमरकोश तोंडपाठ, धातूंची रूपं जिभेवर, पण इंग्रजीचा उतारा समोर ठेवला की मान खाली. खरी अडचण मला लवकरच उमगली. त्यांचा हाताशी असलेला कोश म्हणजे वामन शिवराम आपट्यांचा, १८९०चा. त्यात संस्कृत शब्दाचा अर्थ इंग्रजीत दिलेला, आणि ते इंग्रजी एकोणिसाव्या शतकातलं. संस्कृत शब्द कळायला कोश उघडायचा आणि कोशातल्या इंग्रजीपाशी अडायचं. त्या इंग्रजीचा माग काढता काढता आम्ही जुन्या इंग्रजी कोशांपर्यंत पोचलो, आणि मग तेच आमच्या वर्गाचं मुख्य काम होऊन बसलं.

इंग्रजीचे अगदी सुरुवातीचे कोश आजच्या कोशांसारखे नव्हतेच. १६०४ साली रॉबर्ट कॉड्रीने छापलेल्या पुस्तकात अडीच हजारांच्या आसपास शब्द आहेत आणि ते सगळे अवघड, लॅटिन-फ्रेंचातून आलेले. आई, बाप, दिवस, भाकर हे शब्द तर सगळ्यांना येतातच, मग त्यांचा अर्थ कशाला द्यायचा, अशी त्या काळची समजूत. साधे शब्द कोशात यायला अठरावं शतक उजाडावं लागलं. १७२१ मध्ये नेथन बेलीचा व्युत्पत्तीसह कोश आला आणि १७५५ मध्ये जॉन्सनचा, दोन भल्यामोठ्या खंडांत, बेचाळीस हजारांहून जास्त शब्दांचा. रोजच्या वापरातल्या शब्दालाही वंशावळ असते, हे मान्य व्हायला दीडशे वर्षं लागली. मुलांना मी हे आवर्जून सांगते, कारण तीही इंग्रजीतले फक्त अवघड शब्द वहीत उतरवून घेत असतात.

जॉन्सनच्या पहिल्या आवृत्तीची पानं आता संगणकावर पाहता येतात. मी काही पानं छापून घेतली आहेत. पहिल्यांदा ती हातात घेतली की इंग्रजीची मुलं गडबडतात, कारण त्या काळच्या छपाईत शब्दाच्या पोटातला 'एस' हा 'एफ'सारखा लांब उभा असतो; आडवी दांडी तेवढी अर्धवट, डाव्या बाजूलाच. 'हाउस' वाचायला गेलं की 'हाउफ' होतं. संस्कृतची मुलं मात्र गडबडली नाहीत. त्यांनी पोथ्या पाहिलेल्या असतात. पोथीतली पडिमात्रा अक्षराच्या आधी काढलेली असते, काना म्हणून वाचली तर सगळा शब्द बिघडतो. ते वळण एकदा डोळ्यांत बसलं की बसलं. "म्हणजे हेही पोथीसारखंच वाचायचं ना जी, मॅडम?" असं एका मुलीने विचारलं आणि दोन ओळींत ती सरावली. इंग्रजीच्या तासाला त्या मुलीचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता.

आता माझ्या खऱ्या काळजीच्या गोष्टीकडे येते. आमच्याकडे प्रत्येक नव्या तुकडीत एक वाक्य हमखास ऐकू येतं : इंग्रजी संस्कृतातूनच निघाली. मुलं हे अभिमानाने म्हणतात, त्यांच्या हातात पुरावेही असतात. विधवा आणि विडो, नाम आणि नेम, मधु आणि मीड नावाचं मधाचं मद्य. शेतकऱ्याच्या घरातला एक मुलगा म्हणाला की बैलांच्या मानेवरचं आमचं जू आणि इंग्रजीतलं 'योक' एकच आहे. बरोबरच बोलला तो. जू हे 'युग'पासून आलं आणि 'योक' त्याचं सख्खं भावंड. पण भावंडं म्हणजे आई-मूल नव्हे. या अभिमानावर मी कधी हसत नाही. मुलाच्या मनात इंग्रजीबद्दल पहिल्यांदा आपलेपणा जागा होतो तो इथेच. फक्त त्या आपलेपणाला पारखण्याची सवय लावायला हवी, नाहीतर दोन शब्द कानाला सारखे लागले की नातं जोडून मोकळं व्हायचं, हा नाद लागतो आणि तो सुटत नाही.

म्हणून मी 'डे' घेते. "डे म्हणजे दिनच की जी," असं कोणी ना कोणी म्हणतंच. मग फळ्यावर एका बाजूला संस्कृत आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी लिहायला सांगते. द्वि, टू. दश, टेन. दन्त, टूथ. पाद, फूट. जिथे संस्कृतात 'द' तिथे इंग्रजीत 'ट', हे मुलांनाच दिसतं. रास्मुस रास्कने १८१८ मध्ये आणि याकोब ग्रिमने १८२२ मध्ये ही ध्वनींची अदलाबदल नियमात बसवली. तर मग 'दिन'चं इंग्रजी भावंड 'ट'ने सुरू व्हायला हवं, 'डे' कसं चालेल? वर्ग शांत होतो. आणि ते 'ट'चं भावंड इंग्रजीत आहे. ट्यूझडे या वाराच्या नावात 'टीव' हा जर्मन लोकांचा जुना देव आहे, आणि हा 'टीव' म्हणजे आपला 'देव'. 'दिव्' धातूचं तेज मंगळवाराच्या पहिल्या अर्ध्यात आहे, दुसऱ्या अर्ध्यात नाही.

मग 'डे' कुठला? जॉन्सनच्या पानावर चौकटी कंसात जुनं सॅक्सन रूप 'डॅग' दिलेलं आहे, तिथे तो थांबतो. त्याच्या पुढची वाट त्याच्या काळी कोणाला ठाऊकच नव्हती. पुढच्या अभ्यासकांनी 'डॅग'चं नातं 'जळणे' या अर्थाच्या मूळ धातूशी जोडलं; संस्कृतात तो 'दह्'. पण इथेही 'द'च आहे, मग इंग्रजीत 'ड' का, 'ट' का नाही? ही शंका एका व्याकरणाच्या विद्यार्थ्याने काढली आणि उत्तरही त्यानेच दिलं. तो जागेवरूनच म्हणाला, "मॅडम, दह्चं लृट् लकारात धक्ष्यति होते." त्याने उठून फळ्यावर लिहिलं : दहति, धक्ष्यति. या धातूच्या पोटात मुळात 'ध' आहे. पुढे 'ह' असला की तो दबून 'द' होतो, 'ह' गेला की 'ध' वर येतो. आणि संस्कृतातल्या 'ध'समोर इंग्रजीत 'ड' हा नियमच आहे. पाणिनीच्या सूत्राने इंग्रजीतला रोजचा शब्द उलगडला तो असा. याच धातूपासून आपला 'निदाघ'. ऋतुसंहारात कालिदास सुरुवात करतो ती ग्रीष्मापासून, आणि मे महिन्यातल्या रामटेकात दिवस म्हणजे जळणं हे कोणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

याहून मोठा आनंद मला वेदपाठी मुलांनी दिला. विदर्भात शुक्ल यजुर्वेदाची माध्यंदिन शाखा बरीच. ही मुलं स्वर हाताने दाखवत म्हणतात. उदात्त, अनुदात्त, स्वरित यांच्याबरोबर हात वर-खाली सरकत असतो. इंग्रजीत फादर आणि ब्रदर या दोन्हींत आज 'द' ऐकू येतो. पण जुन्या इंग्रजीत ती 'फॅडर' आणि 'ब्रोथोर' अशी वेगळी रूपं होती, चौसरच्या काळापर्यंत हा फरक टिकला होता. संस्कृतात दोन्हीकडे 'त'च आहे, पितृ आणि भ्रातृ. मग एकीकडे 'ड' आणि दुसरीकडे 'थ' का? ग्रिमच्या नियमाला हा अपवाद बरीच वर्षं छळत होता. कार्ल व्हेर्नर या डॅनिश अभ्यासकाने १८७०च्या दशकात तो सोडवला, आणि किल्ली सापडली वैदिक स्वरांत.

वाजसनेयी संहितेच्या चौथ्या अध्यायात एक मंत्र आहे. त्यात माता, पिता आणि भ्राता हे तिन्ही शब्द एकामागून एक येतात. मी एका मुलाला तो म्हणायला सांगितला. त्याने डोळे मिटून म्हटला. मग पुन्हा, सावकाश. पित्याच्या 'ता'वर उदात्त आला, मातेच्याही 'ता'वर, आणि भ्रात्याच्या वेळी उदात्त आधीच, 'भ्रा'वर पडला. जोर आधी पडला तिथे 'थ' टिकला, जोर नंतर आला तिथे 'थ' मऊ होऊन 'ड' झाला. मदरचं जुनं रूपही 'मोडोर'. मी हे फळ्यावर मांडलं तेव्हा तो मुलगा आपल्याच हाताकडे पाहत राहिला. गुरुजींनी शिकवलेला स्वर त्याने चुकू न देता जपला होता. तोच स्वर इंग्रज मुलाच्या 'फादर'चं कोडं सोडवतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्या मुलाला इंग्रजी आता परकी वाटणार नाही याची मला खात्री आहे.

शब्दाचा उगम एक, आणि अर्थाची वाट वेगळी. जुन्या कोशात दोन्ही पाहावं लागतं. 'डीअर' हा शब्द जुन्या इंग्रजीत कुठल्याही जनावराला चालत असे. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्येही उंदीरघुशींना तो लावलेला आहे. पुढे तो हरणापुरता आकसला. आपल्याकडे 'मृग'चं नेमकं हेच झालं. आपट्यांच्या कोशात 'मृग'पाशी पहिला अर्थ चतुष्पाद, सर्वसाधारण पशू असा आहे, हरीण त्यानंतर. मृगेंद्र म्हणजे सिंह. तो काही फक्त हरणांचा राजा नव्हे. आणि शाखामृग म्हणजे माकड. ते पटवायला गडाच्या पायऱ्या चढल्या की पुरे. दोन भाषा एकमेकींपासून हजारो वर्षं दूर, पण शिकारीचं जनावर ज्याच्या डोळ्यांपुढे सतत, त्याने सगळ्या जनावरांचा शब्द त्या एकालाच देऊन टाकला. 'मीट' आधी कुठलंही अन्न होतं, 'स्टार्व्ह' म्हणजे नुसतं मरणं. उपाशी मरणं नंतर आलं. अशी उदाहरणं मुलं पुढे स्वतःच शोधतात, मला सांगावं लागत नाही.

यास्काचं निरुक्त वाचलेली मुलं इथे एक प्रश्न विचारतात आणि तो योग्य आहे. यास्काने शब्द धातूपर्यंत नेले, मग तेच काम जॉन्सन करतोय का? माझं उत्तर असं की यास्काला मंत्राचा अर्थ लावायचा होता, त्यासाठी एका शब्दाच्या दोन-तीन व्युत्पत्त्या शेजारी ठेवायला त्याची हरकत नव्हती. शब्द कोणत्या शतकात कसा होता हा त्याचा प्रश्नच नव्हता. यास्काला इतिहासाच्या परीक्षेला बसवणं आणि मग नापास करणं, हा मी अन्याय समजते.

मराठीचे कोश आम्ही याच नजरेने काढतो. विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१०चा, बंगालमधल्या श्रीरामपूरला मोडी अक्षरांत छापलेला. मोल्सवर्थचा १८३१चा, कँडी बंधूंच्या आणि पंडितांच्या मदतीने झालेला, सुमारे चाळीस हजार शब्दांचा. दुसरी आवृत्ती १८५७ची, साठ हजारांची. मधे १८४७ मध्ये इंग्रजी-मराठी कोश आला, तो मोल्सवर्थने सुरू केला आणि टॉमस कँडीने पुरा केला. मोल्सवर्थने शब्दापुढे संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्थानी अशा खुणा केल्या आहेत. जोन्सच्या भाषणाला तोवर पंचेचाळीस वर्षं झाली होती. जॉन्सनला जे दिसणं शक्य नव्हतं ते मोल्सवर्थच्या टेबलावर आयतं होतं. त्याच सुमारास, १८२८ मध्ये, अमेरिकेत नोआ वेब्स्टर आपल्या सत्तर हजार शब्दांच्या कोशात इंग्रजी शब्दांची मुळं खाल्डियनपर्यंत नेत होता, कारण बायबलातली बाबेलच्या मनोऱ्याची कथा तो भाषेचा इतिहास म्हणून वाचत होता. १८६४च्या आवृत्तीत त्याच्या त्या व्युत्पत्त्या काढून टाकाव्या लागल्या. कोश हातात घेतला की आधी मुखपृष्ठामागचं साल पाहा, असा माझा हट्ट आहे तो यामुळेच.

सालाबरोबर मुलूखही पाहावा लागतो. मोल्सवर्थ शब्द गोळा करत होता तेव्हा नागपूर भोसल्यांचं आणि वऱ्हाड निजामाचं. कोकण आणि देश त्याच्या पायाखालचे. आमच्या मुलांना आपल्या आजीच्या तोंडचे शब्द त्यात शोधताना वरचेवर रिकाम्या हाताने परतावं लागतं, आणि त्याचं दुःख मला होतं. त्याने ते टाळले नाहीत, त्याच्यापर्यंत ते पोचलेच नाहीत.

१८५७ हे साल मी मुलांना वेगळ्या कारणासाठी सांगते. त्या साली मुंबईत मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती निघाली. त्याच साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने इंग्रजीचा ऐतिहासिक तत्त्वांवर नवा कोश करायचं मनावर घेतलं; तोच पुढे ऑक्सफर्डचा महाकोश झाला, पहिला भाग १८८४ मध्ये, शेवटचा १९२८ मध्ये. आणि त्याच साली सागरच्या किल्ल्यात फिट्झएडवर्ड हॉल नावाचा एक अमेरिकन वेढ्यात अडकून पडला होता. मनसरवरून उत्तरेला जाणारा आमचा महामार्ग धरला तर सिवनी, नरसिंहपूर करत तो सागरलाच जातो. हॉल १८४६ मध्ये गंगेच्या मुखाशी जहाज फुटल्यामुळे हिंदुस्थानात राहिला, बनारसच्या संस्कृत कॉलेजात शिकवू लागला, संस्कृत ग्रंथ संपादून छापू लागला. पुढे शाळा तपासणीसाच्या कामावर या बाजूला आला. १८६२ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि आयुष्याची शेवटची वीसेक वर्षं, १९०१ मध्ये मरेपर्यंत, ऑक्सफर्ड कोशाची मुद्रितं बिनपगारी तपासत आणि शब्दांचे जुने दाखले पुरवत राहिला. इंग्रजीच्या सगळ्यात मोठ्या कोशाच्या पानांवर संस्कृत शिकलेल्या माणसाची नजर फिरलेली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सु. मं. कत्र्यांनी १९४८ मध्ये संस्कृतचा महाकोश हाती घेतला तो याच ऐतिहासिक तत्त्वांवर. पंधराशेच्या आसपास ग्रंथांतून काढलेल्या चिठ्ठ्या कोटीच्या घरात गेल्या, पहिला भाग १९७६ मध्ये निघाला. चिठ्ठीवर शब्द, वाक्य, ग्रंथ आणि स्थळ. आमच्या वर्गातही आता चिठ्ठ्या आहेत. त्यांवर गावाचं नाव, बोलणाऱ्याचं वय आणि तारीख लिहायची, असं ठरलं आहे. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, त्याची चिठ्ठी सगळ्यांत आधी झाली.

सध्या वर्गात 'पाथ' चालू आहे. संस्कृत पथ, इंग्रजी पाथ, अर्थ तोच, आवाज तोच. पण ग्रिमच्या नियमाने 'प'चा 'फ' व्हायला हवा, पितृ-फादर आणि पाद-फूट यांसारखा. इथे तो झालेला नाही. काही अभ्यासक म्हणतात की जर्मन घराण्याने हा शब्द इराणी बोलणाऱ्या टोळ्यांकडून उसना घेतला, म्हणजे तो भावंड नव्हे, घरी आलेला पाहुणा. बाकीच्यांना हे पटत नाही. इतक्या पश्चिमेला तो कसा आणि कोणाच्या मार्फत पोचला हे त्यांना दाखवून हवं आहे. आमच्या मुलांत दोन तट पडले आहेत. उसना मानणारे थोडे, पण त्यांच्याकडे नियम आहे. दुसऱ्या तटातला धक्ष्यतिवाला मुलगा ऐकायला तयार नाही. "काहून नाही, मॅडम? एखादा शब्द नियमातून सुटलाही असंल," असं त्याचं म्हणणं. सुटला असेल तर तो कशामुळे सुटला ते व्हेर्नरसारखं दाखव, असं मी त्याला सांगितलं आहे. तो अवेस्तेचं, म्हणजे जुन्या इराणीचं, व्याकरण कुठे मिळेल ते शोधतो आहे.